तिकिटाचा हक्क आणि प्रेक्षकाचे इमान

टाकवे बुद्रुकहून कान्हे स्टेशन, तिथून लोकलने लोणावळा, पुढे दादर आणि मग अंधेरी, एवढी यातायात करून फुटबॉलचा सामना पाहण्याची उमेद बाळगणाऱ्या आंदर मावळातील माझ्या मित्रांना २०१८ सालचा एक दाखला सांगावासा वाटतो.

१ जून रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे नमवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि तरीही प्रेक्षकांची अधिकृत हजेरी होती अवघी २,५६९. दुसऱ्या दिवशी दस्तुरखुद्द छेत्रीने चित्रफितीतून कळकळीची विनंती केली, की टीका करा, बोल लावा, परंतु मैदानात येऊन. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. भर पावसात, ओलसर तिकीट मुठीत जपत उभ्या राहिलेल्या त्या समुदायासमोर छेत्रीने आपल्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन गोल केले आणि भारत ३-० असा जिंकला.

तिकिटाची रक्कम भरल्याने आसनाचा आणि नापसंतीचा हक्क मिळतो, विजयाचा मिळत नाही. खेळाडूंविषयीची कृतज्ञता आणि संघावरील निष्ठा यांची खरी कसोटी पराभवाच्या दिवशीच लागते. संघ कायम राहतोच असे नाही; बालेवाडीत खेळणारा आपला एफसी पुणे सिटी हा फुटबॉल क्लब २०१९ साली बंद पडला, हे विसरू नका. जवळपास सामना असेल, तर अवश्य जा, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडू नका.