ज्यूंचे सण आणि विद्यापीठाचे वेळापत्रक

ज्यूधर्मीयांच्या पंचांगात, आपल्या अधिक मासाप्रमाणेच, 19 वर्षांत 7 वेळा जादा महिना धरला जात असल्यामुळे, रोश हशाना हे नववर्ष आणि तिश्री महिन्याच्या 10 व्या दिवशी येणारा योम किप्पूर हे सण दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मागेपुढे सरकतात. योम किप्पूरला सूर्यास्तापासून सुमारे 25 तास अन्नपाणी वर्ज्य आणि लेखनही निषिद्ध. अशा दिवशी परीक्षा ठेवणे म्हणजे श्रद्धावान विद्यार्थ्यापुढे धर्म की पदवी असा पेच उभा करणेच होय. पेसाहच्या सणात आंबवलेला पाव चालत नाही, याची वसतिगृहाच्या खाणावळीने तजवीज ठेवावी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायलांचे हे सण आपणांस परके मुळीच नाहीत. तेव्हा प्राध्यापकहो, वेळापत्रक मुक्रर करण्यापूर्वी हेही पंचांग अवश्य पाहावे!