व्हिएतनाममधली रातगाडी

व्हिएतनामचा मुख्य रेल्वेमार्ग उत्तरेच्या हनोईपासून दक्षिणेच्या हो ची मिन्ह सिटीपर्यंत १७२६ किलोमीटर धावतो. या दक्षिणेकडच्या शहराला तिथले लोक आजही सहज सायगॉन म्हणतात आणि रेल्वे स्थानकाचे नावही सायगॉनच आहे. फ्रेंच राजवटीने तुकड्यातुकड्याने बांधलेला हा मार्ग १९३६ साली सलग पूर्ण झाला. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, तसा तो मध्यावर तुटला. युद्धात त्याचे पूल, बोगदे आणि स्थानके पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झाली. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर तेराशेहून अधिक पूल दुरुस्त करून १९७६ च्या अखेरीस हनोई–सायगॉन गाडी पुन्हा सुरू करण्यात आली. परदेशी प्रवाशांमध्ये ही गाडी ‘रियुनिफिकेशन एक्स्प्रेस’ म्हणून ओळखली जाते. मात्र त्या नावाची एकच गाडी नाही. या मार्गावर दोन्ही दिशांना रोज अनेक गाड्या धावतात. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एसई’ ही अक्षरे असतात. विषम क्रमांकाची गाडी दक्षिणेकडे जाते, सम क्रमांकाची उत्तरेकडे.

रूळ मीटरगेजचे आहेत आणि मार्ग बहुतांशी एकेरी आहे. अकोल्याहून खांडव्याकडे जाणारी जुनी मीटरगेज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना व्हिएतनामच्या डब्यांची अरुंद रुंदी आणि हेलकावणारी चाल ओळखीची वाटेल. संपूर्ण अंतर कापायला तीस तासांहून जास्त वेळ लागतो. विमान तेच अंतर दोन तासांत जाते. ताशी ३५० किलोमीटर वेगाच्या नव्या मार्गाला व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, पण तो प्रत्यक्षात यायला आणखी बरीच वर्षे लागतील. तोवर तरी या देशात रेल्वेने फिरायचे म्हणजे रात्रीचा प्रवास ठरलेलाच.

हनोईहून थेट सायगॉनपर्यंत एका दमात जाण्यात फारसे हशील नाही. प्रवास टप्प्यांत करावा, आणि तिकिटाकडे वळण्याआधी कोणता टप्पा झोपेत घालवायचा व कोणता उजेडात पाहायचा हे ठरवावे. व्हिएतनाममध्ये हा प्रश्न इतर देशांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण या मार्गावरचा सर्वांत देखणा भाग जेमतेम शंभर किलोमीटरचा आहे आणि तो अंधारात निसटला की परत मिळत नाही. हा भाग मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए आणि दा नांग यांच्या दरम्यान आहे. ह्युए सोडल्यावर गाडी लांग कोच्या खाजणाजवळून जाते आणि मग हाय वान घाट चढू लागते. डोंगराच्या कुशीतून, बोगद्यांमधून आणि कड्याच्या टोकावरून अतिशय सावकाश जाणाऱ्या या गाडीतून खाली समुद्र आणि लहान लहान वाळूचे किनारे दिसतात. बसगाड्या २००५ पासून डोंगराखालच्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात, त्यामुळे बसच्या प्रवाशाला यातले काहीच दिसत नाही. एरवी बस किंवा विमान पसंत करणाऱ्यांनीही निदान या अडीच-तीन तासांसाठी रेल्वेचे तिकीट काढावे. मार्च २०२४ पासून ह्युए–दा नांग दरम्यान खास पर्यटकांसाठी दिवसाच्या गाड्याही सोडल्या जातात.

उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला वेळापत्रकाची साथ मिळते. हनोईहून संध्याकाळी किंवा रात्री निघालेली गाडी ६८८ किलोमीटरवरच्या ह्युएला दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. रात्र भाताच्या सपाट मुलखात जाते आणि तिथे पाहण्यासारखे फारसे राहत नाही. जुनी राजधानी ह्युए पाहायची असेल तर तिथे उतरावे आणि पुढे दिवसाच्या गाडीने दा नांगला जावे. थेट दा नांगचे तिकीट असले, तरी हाय वानचा घाट सकाळच्या उजेडातच येतो. या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. कूपेची खिडकी उलट बाजूला आली, तर पॅसेजमध्ये उभे राहून सारे पाहता येते. दक्षिणेकडून येणाऱ्याने मात्र जपून गाडी निवडावी. दा नांगहून दुपारी सुटणारी गाडी घाटातून उजेडी जाते आणि पहाटे हनोईला पोहोचते. संध्याकाळी सुटणारी गाडी घेतली की घाट अंधारात जातो. हिवाळ्यात तिथे साडेपाचच्या आसपासच सूर्य मावळतो.

होई आन या जुन्या बंदराला रेल्वे स्थानक नाही. दा नांगला उतरून तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. दा नांगपासून पुढचे किनारी शहर न्या त्रांग ५२४ किलोमीटरवर आहे. हा टप्पा नऊ-दहा तासांचा असल्याने रात्रीच्या झोपेला नेमका पुरतो. न्या त्रांग ते सायगॉन ४११ किलोमीटर आहे आणि या अंतरासाठी रातगाडी असली तरी ती सात-आठ तासांत पोहोचते. चढल्यावर सामान लावून आडवे होईपर्यंत तास जातो आणि उतरण्याआधी अर्धा तास जाग येते, म्हणून सात तासांच्या गाडीत झोप जेमतेम साडेपाच तासांची होते. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर हा टप्पा दिवसा करणे चांगले. सायगॉनच्या दक्षिणेला रेल्वे नाही. देशातला पहिला मार्ग १८८५ मध्ये तिथेच, सायगॉन ते मी थो असा झाला होता, पण तो विसाव्या शतकाच्या मध्यात बंद पडला. त्यामुळे मेकाँगच्या खोऱ्यात रस्त्यानेच जावे लागते.

सापा या डोंगराळ गावाकडे जाणारी रातगाडी या मुख्य मार्गावरची नव्हे. हनोईहून वायव्येला, चीनच्या सीमेवरच्या लाओ कायपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरचा वेगळा फाटा आहे. हायफाँग बंदर चीनच्या युनान प्रांताशी जोडण्यासाठी फ्रेंचांनी बांधलेल्या आणि १९१० मध्ये पूर्ण झालेल्या मार्गाचा तो भाग. गाडी रात्री दहाच्या सुमारास हनोई सोडते आणि पहाटे सहाच्या आसपास लाओ कायला पोहोचते. पुढे सापापर्यंत पस्तीसेक किलोमीटरचा घाटरस्ता आहे, त्यासाठी स्थानकाबाहेर मिनीबस उभ्या असतात. २०१४ मध्ये हनोई–लाओ काय द्रुतगती मार्ग खुला झाल्यापासून बसने सापा पाच-सहा तासांत गाठता येते, म्हणून बरेच लोक बसच घेतात. तरी दिवस वाया न घालवता, पाठ टेकून जायचे असेल तर रातगाडी अजूनही सरस आहे.

या फाट्यावर एक वेगळी पद्धत आहे. रेल्वेच्या गाडीला खासगी कंपन्या आपापले डबे जोडतात. इंजिन, रूळ आणि वेळापत्रक रेल्वेचे असते. डब्यातली सजावट, अंथरूण, पाण्याची बाटली आणि कर्मचारी कंपनीचे असतात. एकाच गाडीत रेल्वेचा साधा डबा आणि लाकडी सजावटीचा महागडा डबा मागेपुढे असतात आणि दोन्ही एकाच वेळी पोहोचतात. खासगी डब्यांत दोन बर्थचा कूपेही मिळतो. त्यांचे आरक्षण त्या कंपनीकडे किंवा एजंटकडे करावे लागते, आणि आपला डबा कुठल्या कंपनीचा हे चढण्याआधी नीट पाहून घ्यावे लागते.

रेल्वेच्या स्वतःच्या डब्यांत झोपण्याचे मुख्य दोन वर्ग आहेत. चार बर्थच्या कूपेला मऊ बर्थ आणि सहा बर्थच्या कूपेला कठीण बर्थ म्हणतात. दोन्ही वातानुकूलित आहेत, दोन्हींना दार आहे, दोन्हींत चादर, उशी आणि पांघरूण मिळते. खरा फरक उंचीचा आहे. सहा बर्थच्या कूपेत सर्वांत वरच्या बर्थवर बसताही येत नाही आणि छताजवळचा गारवा थेट अंगावर येतो. म्हणून तोच सर्वांत स्वस्त असतो. खालचा बर्थ सर्वांत महाग असतो, पण दिवसा वरचे सहप्रवासी त्यावरच येऊन बसतात. एका रात्रीसाठी चार बर्थच्या कूपेसाठी जास्तीचे पैसे देणे योग्य ठरते. चौघांच्या कुटुंबाने चारही बर्थ घेतले तर दार लावून निवांत झोपता येते. दोघे किंवा एकटे असाल तर अनोळखी स्त्री-पुरुष एकाच कूपेत असणार हे गृहीत धरावे. आसनांचे डबे स्वस्त असले, तरी रात्रभर बसून काढण्यासाठी ते घेऊ नयेत.

तिकीट व्हिएतनाम रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढता येते. त्याला इंग्रजी रूप आहे. गाडी निवडली की डब्याचा नकाशा समोर येतो आणि हवा तो बर्थ, त्याची किंमत पाहून, थेट उचलता येतो. भारतातल्यासारखी प्रतीक्षायादी किंवा आरएसी तिथे नाही. बर्थ मोकळा असेल तर मिळतो, नसेल तर मिळत नाही. अडचण येते ती पैसे भरताना, कारण परदेशी कार्ड तिथे दरवेळी चालतेच असे नाही. अशा वेळी बाओलाऊ किंवा ट्वेल्व्हगो यांसारख्या प्रवास-एजंटांकडून तिकीट घ्यावे. ते थोडे शुल्क जास्त लावतात, पण भारतीय कार्ड स्वीकारतात. हनोईला पोहोचल्यावर स्थानकाच्या खिडकीवरही तिकीट मिळते. मात्र हंगामात खालचे बर्थ तोवर संपलेले असतात.

तिकिटावर प्रवाशाचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो व तो स्थानकात तपासला जातो. मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते, त्यामुळे अर्ज भरताना गोंधळ होतो. पासपोर्टवर जसे आहे तसेच पूर्ण नाव लिहावे. सहा वर्षांखालचे मूल मोठ्या माणसाच्या बर्थवर विनातिकीट जाते, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सवलत मिळते. भारतीयांना व्हिएतनामसाठी ई-व्हिसा आधी काढावा लागतो, आणि कुठून देशात शिरणार व कुठून बाहेर पडणार ते त्यात नमूद करावे लागते. म्हणून आधी येण्याजाण्याची शहरे ठरवावी, मग व्हिसा काढावा, मग रेल्वेचे बर्थ घ्यावेत.

कधी जायचे यावर तिकिटाची उपलब्धता अवलंबून असते. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येणारा तेत, म्हणजे व्हिएतनामचे चांद्र नववर्ष, हा सर्वांत अवघड काळ. सायगॉनमध्ये कामाला असलेले लाखो लोक तेव्हा उत्तरेकडे आणि मध्य भागातल्या गावी जातात. तेतच्या आधी उत्तरेकडे आणि नंतर दक्षिणेकडे जाणारा एकही बर्थ शिल्लक राहत नाही, उलट दिशेच्या गाड्या मात्र बऱ्याच मोकळ्या असतात. या काळात आधी लांब पल्ल्याची तिकिटे विकली जातात, त्यामुळे अधल्यामधल्या टप्प्यांची तिकिटे उशिरा खुली होतात. ३० एप्रिल–१ मे आणि २ सप्टेंबर या राष्ट्रीय सुट्ट्यांनाही गर्दी असते. जूनपासून तिथल्या शाळांना सुटी लागते, तेव्हाही तसेच.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा पावसाळा आहे. ह्युए आणि दा नांगला तेव्हा जोरदार पाऊस, पूर आणि वादळे येतात व रेल्वे थांबू शकते. उत्तरेत वादळाचा धोका जरा आधीपासून असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने लाओ कायचा मार्ग काही काळ बंद पडला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दा नांग व न्या त्रांग यांच्या दरम्यानच्या बाय ज्यो बोगद्यात दरड कोसळली आणि प्रवाशांना मधला टप्पा बसने पार करावा लागला. परतीचे विमान आणि शेवटची रातगाडी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा तो यासाठी. दिवाळीत जायचेच असेल तर सापा आणि हनोई यांना जास्त दिवस द्यावेत, तिथे तेव्हा हवा छान असते. मेमध्ये ऊन कडक असते, पण मध्य किनारपट्टी कोरडी असते.

गाडीत खाण्याची सोय असते, पण शाकाहारी माणसाची नाही. डब्यांमधून ढकलगाडीवर भात, मांसाचे तुकडे घातलेली पेज, उकडलेला मका आणि इन्स्टंट नूडल्स येतात. भाज्यांतही माशाचा सॉस असतो. शाकाहाराला तिकडे ‘चाय’ म्हणतात आणि शहरांत अशी पाटी असलेली खानावळ सहज सापडते, म्हणून जेवण आधी बांधून घ्यावे. डब्याच्या टोकाला गरम पाण्याची टाकी असते. घरून नेलेला कोरडा उपमा किंवा पाकिटातले पोहे त्या पाण्यात भिजवले की पोट भरते. दशम्या आणि चटणी दोन दिवस टिकतात. स्वच्छतागृह सकाळी लवकर वापरावे, कागद आणि पाणी स्वतःजवळ ठेवावे. वातानुकूलन कडक असते. पायमोजे आणि एक जाड शाल हवीच. सामान खालच्या बर्थखाली सरकवता येते, पासपोर्ट आणि पैसे मात्र उशाशी ठेवावेत.

उतरण्याची वेळ हा रातगाडीचा नाजूक भाग आहे. लाओ कायला सहाला उतरलात तरी सापातले हॉटेल दुपारी दोनलाच खोली देते. खोली आधीच्या रात्रीपासून घ्यावी, किंवा सामान ठेवून आंघोळ करू देण्याबद्दल हॉटेलला आधी विचारून ठेवावे. परतीची गाडी पहाटे पाचच्या आसपास हनोईला पोहोचते. तेव्हा उपाहारगृहे बंद असतात आणि स्थानकाबाहेर चढ्या भावाचे टॅक्सीवाले वाट पाहत उभे असतात. मोबाइल अॅपवरून गाडी मागवावी किंवा फलाटाजवळच्या प्रतीक्षागृहात उजाडेपर्यंत बसावे. मुख्य मार्गावर मधल्या स्थानकांत गाडी काही मिनिटेच थांबते. डब्याचा कर्मचारी बऱ्याचदा उठवतो, पण त्यावर विसंबून राहू नये. गजर अर्धा तास आधीचा लावावा आणि फोनवरच्या नकाशात गाडी कुठे आहे ते पाहत राहावे. ह्युए आणि दा नांग ही स्थानके शहराच्या मध्यातच आहेत, त्यामुळे तिथे उतरल्यावर पुढचे अंतर थोडेच राहते.