चर्चच्या खिडकीतली रंगीत काच रंगवलेली नसते! मग चित्र कसं दिसतं?

मुरुड (ता. लातूर) : मुंबईला माल घेऊन गेलेल्यांना भायखळ्याची संत सावता माळी मंडई माहीत असते. तिथून जवळच उंच मनोऱ्याचं ग्लोरिया चर्च आहे. ‘अमर अकबर अँथनी’ पाहिलेल्यांनी ते पडद्यावर बघितलंय. मूळ चर्च माझगावात १६३२ सालचं. आताची इमारत १९११ ते १९१३ दरम्यान उभी राहिली.

अशा चर्चच्या रंगीत खिडक्या बाहेरून काळपट दिसतात. आत गेलं की त्याच झगमगतात. बाहेर ऊन, आत अंधार, आणि काचेतून उजेड आरपार आला तरच रंग दिसतो.

हा रंग बहुतेक वेळा वरून दिलेला नसतो. काच वितळवतानाच तीत धातूचे क्षार मिसळतात. कोबाल्टनं निळा, मँगनीजनं जांभळा, तांब्यानं हिरवा किंवा लाल, आणि सोन्यानं गुलाबी-लाल! डोळे, चेहरा, कपड्याच्या चुण्या तेवढ्या काळपट रंगानं काढून भट्टीत भाजतात. मग तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवून सांधे झाळतात. वाचता न येणाऱ्यांना बायबलच्या गोष्टी कळाव्यात, हा युरोपात त्यामागचा एक हेतू होता. आपल्याकडं कीर्तनकार तोंडानं सांगतो, तिथं खिडकी दाखवते.

खरी अडचण दुरुस्तीची. शिसं मऊ असतं. ऊन-पावसानं शंभरेक वर्षांत खिडकीला जुन्या भिंतीसारखं पोट सुटतं. तेव्हा सिमेंट भरलं किंवा साधी काच ठोकली, तर चित्र कायमचं गेलं. ॲसिडनं पुसलं तर चेहऱ्याच्या रेघाच उडतात. खिडकी उतरवून, कागदावर ठसा घेऊन, प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन नवं शिसं घालावं लागतं. हे येणारी माणसं देशात मोजकीच. २०१५ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरच्या दुरुस्तीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांनी केलं.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या कमानीतही लाल-हिरवी तावदानं असतात. चित्र नसतं, पण काच जुनीच. वाडा उतरवताना ती भंगारात जाते. चौकट काढताना काच ठोकू नका, आधी लाकडी पट्टीचे खिळे उपसा. फुटली तरी तुकडा ठेवा. तसाच रंग शोधायला तोच नमुना लागतो.