आधी नाकात शिसं, मग मोटर

रिमोटचं विमान शिकायचं तर सुरुवात कशानं करू, असं लोक मला चाळीस वर्षं विचारतायत. माझं उत्तर तेच: बिनमोटरच्या बाल्सा ग्लायडरनं. यावर हसणारे आमच्या मैदानावर बरेच आहेत. हसू देत.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. पुढे मिथेनॉल आणि एरंडेल पिणारी ग्लो इंजिनं आली. त्यांचा वास शर्टातून दोन धुण्यांतही जात नसे. मग लिपो बॅटऱ्या आल्या, वास गेला. क्रिस्टलचे रेडिओ होते तेव्हा आपल्या चॅनलचा चिमटा फळीवरून घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, हा धर्म होता. दुसऱ्यानं तोच चॅनल लावला की विमान जमिनीत. २.४ गिगाहर्ट्झनं ती धास्ती संपवली, आणि चिमट्याच्या निमित्तानं होणाऱ्या गप्पाही.

आता माझा विषय: तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन्हीकडून खालून बोटं टेकवायची. चोवीस सेंटिमीटर रुंद पंख असेल तर सहा ते आठ सेंटिमीटरवर. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर नाकात शिसं घाला, उडवू नका. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी पहिल्या ट्रेनर विमानाची बॅटरी जागेअभावी मागे सरकवली. विमानानं उडताच नाक वर केलं, क्षणभर लटकलं आणि कोसळलं. बाल्साचे तुकडे पिशवीत भरून घरी आणले. आईनं विचारलं, “एवढंच उरलं?”

हल्ली म्हणतात, जायरो आहे, तोल तो सांभाळतो. अहो, शेपूट जड असलेल्या विमानाला जायरो किती पुरणार? सिम्युलेटरला माझी ना नाही. विमान अंगावर येताना डावं-उजवं उलटतं, तेव्हा जो पंख झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची, ही सवय तिथे फुकटात लागते. पण पंख हातात धरल्याशिवाय वजन कळत नाही. पहिली मोटर घ्याल ती वरपंखी ट्रेनरची. पंखांना थोडा वरचा कोन हवा, म्हणजे हात सोडला तरी विमान सावरतं. लढाऊ विमानांची खोकी दुकानातच राहू द्या. आणि उडवण्याआधी नियम बघा: ड्रोन नियम २०२१चे आहेत. विमानतळाच्या आसपास जाऊ नका आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघून घ्या.

परवा सकाळी वारा पडलेला असताना शेजारचा सातवीतला मुलगा ग्लायडर घेऊन आला. पहिल्या फेकीला ते वर चढून आपटलं. नाकाला हरभऱ्याएवढी माती चिकटवली. दुसऱ्या फेकीत वीसेक पावलं सरळ जाऊन गवतावर टेकलं.

“आजोबा, आता मोटर?”

“अजून पन्नास वेळा फेक.”

तोंड वाकडं करून तो विमान उचलायला गेला.