पिल्लू टरफलात अडकलंय? ओढू नका!

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की साधारण २१व्या दिवशी पिल्लं निघतात. सातव्या रात्री अंधारात अंड्याला मोबाईलची बॅटरी लावून बघा. लाल शिरा दिसल्या तर अंडं चांगलं. आरपार स्वच्छ दिसलं तर काढून टाका.

टरफलाला भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला २४ तासही लागतात. घाईने टरफल ओढलं तर रक्त जाऊन पिल्लू दगावतं. पोटातल्या बलकावर ते पहिला दिवस काढतं, त्यामुळे उपाशी राहील ही भीती नको.

पाय फाकलेत? गुळगुळीत कागद काढून गोणपाट अंथरा, दोन्ही पाय मऊ पट्टीने सैल बांधा. मागे विष्ठा चिकटली तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. पिल्लं एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. बल्ब थोडा खाली घ्या.