चरण पाहून चिन्ह

गणिताशी माझे लहानपणापासूनच वाकडे. शाळेत अधिक-उणेच्या चुकांनी मी असा खचलो की, दहावीनंतर त्या वाटेला पुन्हा फिरकलोच नाही. मराठीचा प्राध्यापक झालो! म्हणूनच परवा अकरावीतल्या आमच्या लेकीने वही आपटून "बाबा, मी सायन्स सोडते!" म्हटले, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले.

चाचणीत तिची त्रिकोणमितीची तीन गणिते चुकली होती. "मला अडाण्याला समजावून तर सांग," मी म्हणालो.

पहिले गणित असे : साइन थीटाची किंमत ३/५, थीटा दुसऱ्या चरणात, बाकीच्या किमती काढा. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग नेहमी १. तिने १ मधून ९/२५ वजा केले, १६/२५ उरले, त्याचे वर्गमूळ ४/५. पुस्तकातले उत्तर मात्र उणे ४/५!

"मग 'दुसऱ्या चरणात' हे शब्द कशाला घातलेत?" मी विचारले. कवितेच्या चरणात एकही शब्द फुकटचा नसतो, हे शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली आहे!

ती थबकली. तिने कागदावर दोन अक्ष काढले. दुसरे चरण म्हणजे डावीकडचा वरचा भाग. तिथे उंची वरच्या अंगाला, म्हणून साइन धन. पण आडवे अंतर डावीकडे, म्हणून कोसाइन ऋण. वर्ग केला की ४/५ आणि उणे ४/५ यांतला भेद पुसला जातो. तो परत मिळतो चरणावरून. मग पुढचे भराभर सुटले : टॅन उणे ३/४, कॉट उणे ४/३, सेक उणे ५/४, कोसेक ५/३. एका किमतीवरून उरलेल्या पाचही हाती आल्या!

"अगं, हे तर आपल्या मराठीसारखेच!" मी म्हणालो. "पोर वाढली म्हणजे मोठी झाली, पण बांगडी वाढली म्हणजे फुटली! शब्द तोच, चिन्ह उलटे. जागा पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही."

ती खुदकन हसली आणि उरलेल्या दोन गणितांना बसली. मी नुसता पाहत राहिलो. त्या वयात मला कुणी एवढेच विचारले असते तर!

सकाळी कॉलेजला निघताना ती दारातून ओरडली, "बाबा, येते हं!" आणि जिन्यावरून वळून म्हणाली, "जातेय, पण म्हणायचे येते. चरण दुसरे!"