खाडीकाठचा देशविचार

भाईंदरच्या खाडीकाठाने ओहोटीच्या वेळी गेले असता तिवरांचे वन दुरून एकसारखे हिरवे भासते. जवळ जाता त्यातील मांडणी ध्यानात येते. भरतीचे पाणी नित्य पोहोचते तेथे तिवर व चिप्पी, चिखलात आधारमुळे रोवलेले कांदळ, खालच्या थरात काटेरी मारांडी आणि जमिनीकडील खारट कडेला दंतधावनासाठी आपणां सर्वांस परिचित असलेला पीलू.

देशविचार आयुर्वेदास नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन भेद सांगितले आहेत. आधुनिक परिसरविज्ञान पुढचा प्रश्न विचारते: एकाच देशात अनेक जाती एकत्र कशा नांदतात? बलवान जाती इतरांना हुसकावून का लावत नाही?

उत्तराचा एक भाग मांडणीत आहे. बरेचसे बीज मातृवृक्षाजवळच पडते. तेथे रोपाची स्पर्धा परजातीपेक्षा स्वजातीशीच अधिक होते. त्यामुळे बलवान जातीची वाढ आवरली जाऊन इतरांस जागा उरते.

१९५८ साली हफेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने संत्र्यांवर दोन जातींचे कोळीवर्गीय सूक्ष्मजीव सोडले. एक भक्ष्य, दुसरा भक्षक. साध्या मांडणीत भक्षकाने सर्व भक्ष्य संपविले व मग तोही उपासमारीने नष्ट झाला. संत्री विखरून मध्ये अडथळे ठेवताच दोघेही दीर्घकाळ टिकले. जीव तेच होते. बदलली होती ती मांडणी.

खाडीत विखुरलेल्या पुंजांना भरती जोडते. कांदळाचे बीज झाडावरच रुजते व रोप पाण्याबरोबर दूर जाते. एक पुंज नष्ट झाला तरी शेजारच्या पुंजातून तो पुन्हा वसू शकतो. मात्र भराव घालून भरतीची वाट अडविली, तर कुऱ्हाड न लावताही वन क्षीण होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, सार्वजनिक हिताच्या कामांचा अपवाद ठेवून, कांदळवनांच्या तोडीस राज्यभर मनाई केली व भोवती ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. हा पट्टा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण पीलूचे स्थान त्याच कडेला आहे. तोडलेल्या झाडांइतकीच झाडे अन्यत्र लावल्याने संख्या भरून निघेल, मांडणी नव्हे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे की, वनौषधींचा संग्रह करताना एकही पुंज समूळ रिता करू नये आणि उद्यान लावताना त्या त्या वनस्पतीचे शेजारीही लावावेत. द्रव्य टिकावे असे वाटत असेल, तर त्याचा देश टिकविला पाहिजे.